पितळ आणि कातडं

तळोद्याच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा शाळेच्या शिपायाने मला जी खोली पाहून दिली, तिची एक भिंत बँडवाल्याची होती. "शेजार चांगला आहे बाई, माणसं निर्व्यसनी आहेत," एवढंच त्याने सांगितलं. निर्व्यसनी होती हे खरं. पण उजाडायच्या आत भिंतीपलीकडून कॉर्नेटचा, त्या आखूड पितळी तुतारीचा, एकच सूर निघे आणि तो इतका लांबे की अंथरुणात पडल्या पडल्या मला वाजवणाऱ्याच्या छातीची काळजी वाटे. थोडे दिवस सोसून एका सकाळी मी तणतणत त्यांच्या दारात गेले.

दारात एक उंच, हडकुळा माणूस चिंच आणि राख घेऊन कॉर्नेट घासत बसला होता. पाहुणे यायच्या दिवशी बायका तांब्या-पेले घासतात तितकं मन लावून. मी तक्रार सांगितली. त्याने ती मान कलती करून शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, "बाई, तुम्हना आवाज पक्का शे. वर्गमा पोरी आयकत व्हतीन." मी भांडायला गेले होते ती हसू दाबत परत आले. सराव काही बंद झाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो सूर शेतांकडे तोंड करून निघायला लागला. हे उखडूमास्तर.

तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे धुळ्याचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणि तापीकाठच्या गुजरांच्या वस्त्यांत लग्न म्हटलं की उखडूमास्तरांचा बँड. वर जरीची पट्टी लावलेले लाल कोट, खाली ज्याची त्याची धोतरं, पाय अनवाणी. लग्नसराई सरली की कोट पेटीत जात आणि माणसं कापसात. मास्तर स्वतः पावसाळाभर गुजरांच्या केळीत राबत. पण तिथेही ओठांना जपत. खानदेशात जन्मून मिरची न खाणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. चहा बशीत ओतत, बशीतून दुसऱ्या बशीत, आणि पार निवल्यावर पीत. कनवटीला तुपाची इवलीशी डबी. थंडीत तर तोंडावर फडकं बांधून हिंडत. त्यांची बायको मला म्हणे, "यास्ना व्हट म्हन्जे मन्ही सवत शे, बाई."

ओठांना जपत तितकेच त्यांचे कान जागे असत. भांड्यांच्या दुकानात गेले की प्रत्येक पातेलं टिचकी मारून ऐकत आणि न घेता परत ठेवत. दुकानदार त्यांना पाहिल्यावर कपाळाला हात लावी. लाकडाच्या वखारीशी करवतीचा आवाज ऐकत उभे राहत. उरुसातली कव्वाली, राजस्थानातून येणाऱ्या भोप्यांची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सिनेमाच्या तंबूबाहेर लावलेली रेकॉर्ड, जे कानावर पडेल ते महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या बँडात शिरलेलं असे. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "पहिले आयकी तं ल्या." मग ऐकवत. मग विचारत, आणि नाही आवडलं असं कुणी म्हटलं तर त्याला परत ऐकवत.

या सगळ्याला घरातूनच विरोध होता. नथूमामा, मास्तरांच्या आईचे भाऊ, गुजरातकडच्या एका संस्थानाच्या बँडात मोठा बाजा वाजवायचे. संस्थान गेलं, राजे गेले, मामा बाजा घेऊन भाच्याकडे आले. अंगाभोवती वेढा घालणारा तो बाजा मांडीवर घेऊन बसले की मामा त्यात निम्मे दिसेनासे होत. बँडने मार्च वाजवावा, सलामी वाजवावी, फार तर आरती, असं त्यांचं मत. बाकी सगळी भेसळ.

"ब्यांड म्हन्जे पितय," ते म्हणत. "पितयमा दुसरं काही मियाडू नको. कातडं तं बिलकुल नको."

"मंग तुन्हा बिगडरम काय खापरना शे का, मामा?"

"तो वर्दीमधला शे." आणि तपकिरीची चिमूट नाकात.

एकदा दोघेही वाद मिटवायला माझ्या दारात आले. बाई शिकलेल्या, बाई सांगतील. मी म्हटलं, मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही भांडत असता तेवढा वेळ वाजवत नाही, म्हणून माझं दोघांनाही प्रोत्साहन आहे. मास्तर हसले. मामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तापीकाठच्या एका गुजर पाटलांच्या घरचं लग्न मला आठवतं. आदल्या दिवसापासून मास्तर सैपाकघराच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसलेले. आत बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, त्यांच्या घरच्या गुजरीत, आणि बाहेर एक परका पुरुष भिंतीला टेकून डोळे मिटून बसलाय म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीने बाहेर येऊन विचारलं, काय पाहिजे. मास्तर म्हणाले, "काही नको, आक्का. ते मधलं गानं आजून एक डाव म्हना." म्हातारी आधी रागावली, मग आत जाऊन तेच गाणं मुद्दाम सावकाश म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी वरातीत सिनेमाचं गाणं वाजेल म्हणून पोरं पुढे सरसावून उभी, तर कॉर्नेटमधून आलं ते हळदीचं गाणं. ओसरीतल्या बायका आधी चपापल्या. मग त्या म्हातारीने आतूनच आवाज लावला, तिच्यामागे बाकीच्यांनी, आणि डोक्यावरचा पदर सावरत सगळ्या गात गात रस्त्यावर आल्या. त्या गावात बायका वरातीत गायल्या त्या तेव्हाच पहिल्यांदा, असं नंतर कळलं. मास्तरांचा चेहरा असा उजळला होता की मलाही बरं वाटलं. नथूमामा बाजा मांडीवर ठेवून तपकीर ओढत होते.

या यशाने मास्तर धीट झाले. पुढच्या थंडीत अक्कलकुव्याहून सायकलवर परतताना त्यांना डोंगरातून ढोल ऐकू आला. एक दणका, मग रिकामी जागा, मग दोन हलके, आणि परत ती जागा. ती रिकामी जागा त्यांच्या मनात बसली. सायकलचा दांडा धरून ते अंधार पडेतो उभे राहिले. घरी येऊन तो ठेका बिगडरमवर उतरवायला लागले आणि त्यावर कॉर्नेटची एक हळवी चाल बांधली, मुलगी सासरी जाताना वाजवावी तशी. भिंतीपलीकडून तो ठेका माझ्याही इतका अंगात भिनला की फळ्यावर लिहिताना मी खडू त्या तालात आपटायला लागले. मुली खुसुखुसु हसायच्या. ठेका सुंदर होता.

तो पहिल्यांदा बाहेर वाजला तो अक्कलकुव्याच्या एका कापडवाल्या शेठजींच्या मुलीच्या लग्नात. कमला माझी विद्यार्थिनी, आजोळी तळोद्याला राहून शिकलेली, गणितात सगळ्यांच्या पुढे. तिला शाळेतून काढून बोहल्यावर चढवत होते. मी शेठजींशी हुज्जत घालून हरले होते आणि तिला भेटायचं म्हणून धुमसतच लग्नाला गेले होते. मांडव गावाच्या कडेला, डोंगराच्या बाजूला. वरात तिथे पोचायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर मास्तरांनी हात वर केला आणि बिगडरमने तो ठेका धरला. लोकांनी माना डोलावल्या. वऱ्हाडातल्या तरुणांनी तो पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. उतरत्या उन्हात तो आवाज डोंगराला लागून परत येत होता, आणि मास्तर खुशीत होते.

पंगत बसत होती तेव्हा डोंगराच्या वाटेने माणसं उतरताना दिसली. मला वाटलं बाजाराची असतील, पण बाजार त्या दिवशी नव्हता. प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर एक लाकूड होतं. बायकांच्या पदराच्या गाठीत धान्य. कुणी बोलत नव्हतं. मांडवापासून थोडं अलीकडे ती सगळी थांबली. त्यांच्या पुढे एक म्हातारा, गळ्यात मोठा ढोल. त्याचं नाव वेस्ता.

"कोन गया?" त्याने विचारलं.

कुणाला काही कळेना. बाजारहाटाला येऊन येऊन वेस्ता पायथ्याची बोली बोलत असे. त्याने परत तेच विचारलं. शेठजींचे मुनीम म्हणाले, इथे लग्न आहे, कुणी गेलेलं नाही.

वेस्ताने लाल कोटातल्या माणसांकडे पाहिलं, मग बिगडरमकडे. "मंग आम्हले हाक कसाले मारी?"

तेव्हा उलगडा झाला. डोंगरातल्या भिल्लांच्या पाड्यांवर माणूस गेलं की तो ठेका वाजतो, आणि तो कानावर पडला की हातातलं काम टाकून घरटी एक लाकूड आणि मूठभर धान्य घेऊन निघायचं, गेलेला कोण ते पोचल्यावर विचारायचं, अशी रीत. मास्तरांनी कमलाच्या वरातीत ती हाक घातली होती आणि डोंगर तिला ओ देऊन खाली आला होता.

मांडवात एकच गलका झाला. बायका कपाळाला हात लावून बसल्या. शेठजी थरथरत आले. "मास्तर, मेरी बेटी के ब्याह में मय्यत का बाजा? अभी के अभी उठो यहां से." मास्तरांनी टोपी काढली. पण ते शेठजींकडे गेले नाहीत, आधी वेस्तासमोर जाऊन उभे राहिले. याचा शेठजींना जास्त राग आला, हे मला दिसत होतं.

"चूक व्हयनी, बाबा. माले ठाऊक नव्हतं."

वेस्ता रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खांद्यांवरच्या लाकडांकडे पाहत म्हणाला, "लाकडं घर परत नही जातस." मयतासाठी घरातून निघालेलं लाकूड पुन्हा घराच्या उंबऱ्यात नेत नाहीत. मग ती सगळी माणसं नदीच्या वाळूत गेली. मास्तर त्यांच्यामागे, मास्तरांमागे बँड, आणि बँडमागे मी. वाळूत लाकडं रचली, पेटवली. वर कुणी नव्हतं. वेस्ताने ढोल घेतला आणि तो ठेका वाजवला, जसा वाजवायचा तसा. मास्तरांचा ठेका त्यापुढे नुसता गोड होता. मास्तर लाल कोटात जाळासमोर मांडी घालून बसले होते. बायकांनी गाठी सोडून धान्य टाकलं. मांडवातून कमलाला सासरी घेऊन जाणारी गाडी त्याच वेळी निघाली असणार. मला रडू आवरेना. तिच्या शाळेची ती चिता आहे असं मला वाटलं, आणि ते मी तिथे मोठ्याने म्हणालेही. मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली.

त्यानंतर व्यापारी घरांनी बँड बोलावणं सोडलं. बातमी तापीकाठापर्यंत गेली आणि मयतीचा बँड असं नाव पडलं. वाजवणारे एकेक करून शहाद्याच्या बँडात गेले. नथूमामांना तर आयतंच सापडलं होतं. "आते तरी आयक. पितय पितयच ऱ्हाऊ दे."

मास्तर कॉर्नेट घासत होते. "मामा, मियाडं ती चूक नही. न इचारता लिधं, ती चूक शे."

आणि ते विचारायला गेले. घाटाच्या पायथ्याला सायकल टाकून, वर पायी. वेस्ताने त्यांना पहिल्या खेपेला काही शिकवलं नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. मास्तरांनी त्याच्या शेतात निंदणी केली, ढोलाला लावायला शाई कुटली, रात्री घोंगडीवर झोपून परत आले. पावसाळाभर हे चाललं. इकडे गुजरांच्या केळीतलं काम हातचं गेलं. बायको भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती आणि तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मास्तर म्हणायचे, "शिकी ऱ्हायनू ना." शेवटी वेस्ताने त्यांना सांगितलं, कोणता ठेका पेरणीचा, कोणता होळीचा, कोणता लग्नाचा. मयतीचा बँडात कधी यायचा नाही. आणि लग्नाचाही नुसता ठेका मिळणार नाही. "ढोल पाहिजे तं मी येसू," वेस्ता म्हणाला. "ढोल पुढे चालस. मांगे नही."

मास्तरांनी ते कबूल केलं. आम्हाला वाटलं, संपला आता हा बँड.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडाला तेच तापीकाठचे गुजर पाटील आले. त्यांच्या घरच्या बायकांनी हट्ट धरला होता, वाजेल तर उखडूमास्तरच. पाटलांनी सुपारी दिली, मास्तरांनी कपाळाला लावली. मग पाटील म्हणाले, नवा ढोल आणा, लोकांना गंमत वाटेल. पण ढोलवाला मागे राहील, आणि जेवायला त्याचं पान बाहेर, झाडाखाली.

मास्तर म्हणाले, "पाटील, तो पुढे चालई. आनि आम्हना पंगतमा बसई."

"मास्तर, माले दुसरा ब्यांड भेटी जाई."

"भेटी जाई, पाटील. चांगला भेटी जाई." आणि सुपारी त्यांच्या हातावर परत ठेवली.

मी माझ्या दारातून हे ऐकत होते. संध्याकाळी न राहवून मी त्यांना बोलले. म्हटलं, घरात दाणा नाही आणि तुम्ही सुपारी परत करता, हा कसला हट्ट? आधी एक लग्न वाजवा, लोकांना ढोल आवडू द्या, मग हळूहळू त्याला पुढे आणा.

ते म्हणाले, "बाई, तुम्हना वर्गमा भिल्लनी पोर शे ना? कोठे बठस?"

"पुढे. मीच बसवते."

"बाकीनास्नी काही म्हनं का?"

"म्हणाले. मी ऐकलं नाही."

"मंग?" ते म्हणाले आणि तुपाची डबी काढली.

त्या दिवशी त्यांच्या घरात भाजीत मिरची पडली, मूठभर. मास्तरांनी ती निमूटपणे खाल्ली आणि चार-पाच दिवस भिंतीपलीकडून सूर आला नाही. नंतर एका सकाळी आला, आणि त्याच्यामागून मोठ्या बाजाचा घोगरा आवाज. नथूमामा गेले नव्हते. सगळे सोडून गेले तरी मामा राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माले पटत नही. पन त्याले एकला कसा सोडू?" त्यांची अट एवढीच होती की ढोल सुरू झाला की ते वाजवणार नाहीत. आणि नाहीच वाजवलं. मार्च आला की गाल फुगवून वाजवत, ढोल आला की बाजा मांडीवर.

मास्तर, मामा आणि वेस्ता, असा तो बँड पुढे तीन-चार वर्षं रखडत चालला. लहान लोकांची लग्नं, ज्यांना मोठा बँड परवडत नसे. कुठे ढोल पुढे चालू दिला, कुठे दिला नाही, आणि जिथे दिला नाही तिथून हे सगळे न वाजवता चालत परत आले. एकदा असे परत येताना मी त्यांना पाहिलं. मास्तर पुढे, पाय धुळीने भरलेले, वेस्ताशी काही तरी बोलत. मला वाटलं होतं चेहरा पडलेला असेल. तो नेहमीसारखाच होता. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी यायचं.

माझी बदलीची ऑर्डर आली त्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या शिबिराला मला धडगावला जावं लागलं. मास्तर दोन दिवस घरी नव्हते आणि त्यांची बायको म्हणाली, वर गेले आहेत. घाटात एस.टी. तापली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कंडक्टर डबा घेऊन पाण्याला गेला, आम्ही खाली उतरलो. समोरच्या उतारावर एका पाड्यात लग्न होतं. शेजारी उभ्या असलेल्या एका उतारूने सांगितलं, "वेस्ताना पोऱ्यानं लगीन शे."

दरी मधे होती, पण सगळं स्वच्छ दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. वेस्ता ढोल वाजवत होता. बायकांनी कमरेत हात गुंफून लांब साखळी धरली होती आणि ती सावकाश फिरत होती. त्या सगळ्यांच्या मागे, पार कडेला, लाल कोट. मास्तर उभे होते, कॉर्नेट काखेत. वाजवत नव्हते. नथूमामा एका दगडावर बसले होते, बाजा मांडीवर. डोंगरातल्या लग्नात बँड कधी वाजलेला नव्हता. मी बराच वेळ पाहत होते. मास्तर नुसते वेस्ताच्या हातांकडे बघत होते. एवढं चालत वर येऊन हा माणूस आज वाजवणारच नाही की काय, असं मला वाटायला लागलं. मला आठवत होती ती अक्कलकुव्याची वाळू.

कंडक्टर पाणी घेऊन आला. "चला बाई."

"थांबा जरा," मी म्हटलं.

"बाई, घाट आहे. उशीर होईल."

"होऊ द्या."

वेस्ताने वाजवता वाजवता मान मागे फिरवली आणि हनुवटी किंचित वर केली. मास्तरांनी कॉर्नेट कोटाला पुसलं, ओठांना लावलं. पहिला सूर दरी ओलांडून आमच्यापर्यंत आला, लांब, सरळ, मी इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेला. मी साखळीकडे पाहत होते. ती थांबेल, तुटेल, बायका हात सोडून वळतील म्हणून मी श्वास धरून ठेवला होता. साखळी त्याच संथ गतीने फिरत राहिली. सूर लग्नाच्या ठेक्यातल्या रिकाम्या जागेत उतरला, तिथून पुढे गेला, आणि त्या बायकांपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.